दंतचिकित्सालयातील हवा : श्वसनमार्गाच्या विषाणूंचा प्रसार रोखण्याविषयी

दाढ दुखते म्हणून आलेला रुग्ण खुर्चीवर आडवा होतो, तोंड उघडतो, आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे त्याचे तोंड व दंतवैद्याचा चेहरा यांत जेमतेम दीड वितीचे अंतर राहते. रुग्णालयाच्या इतर कोणत्याही विभागात रुग्णाला मुखपट्टी लावायला सांगता येते. आमच्याकडे ती सर्वप्रथम उतरवावी लागते. प्रस्तुत लेखाचा सारा विषय या एका अडचणीतून निर्माण झाला आहे.

दरवर्षीच्या अहवालात एखाद्या विभागाच्या कामाविषयी अभ्यासपूर्ण माहिती द्यावी, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा दंतचिकित्सा विभागाने हा विषय निवडला, त्यामागे एक कारण आहे. आपल्या दात्यांनी या विभागाला आजवर खुर्च्या दिल्या, क्ष-किरण यंत्र दिले, कृत्रिम दंतपंक्तींसाठी निधी दिला. या वस्तू डोळ्यांना दिसतात, त्यांवर स्मृतिफलक लावता येतो. खोलीतील हवा स्वच्छ राहावी यासाठी जो खर्च होतो, तो मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. तो खर्च का करावा लागतो आणि त्याने नेमके काय साधते, हे विश्वस्तांना, दात्यांना व रुग्णांच्या नातेवाइकांना समजावे, एवढाच आमचा हेतू आहे.

तुषार कसे निर्माण होतात

ज्येष्ठ वाचकांना दात कोरण्याचे जुने, पट्ट्यावर चालणारे यंत्र आठवत असेल. ते हळू फिरे, घरघरे आणि रुग्णाला घाम फोडी. १९५७ साली अमेरिकेत जॉन बोर्डेन यांनी दाबाखालील हवेवर फिरणारे ‘एअरोटर’ प्रचारात आणले आणि दंतवैद्यकाचे रूप पालटले. या यंत्राचे टोक मिनिटाला तीन ते चार लाख वेळा फिरते. एवढ्या वेगाने दात घासला गेला तर उष्णतेने आतील जिवंत गर मरून जाईल; म्हणून टोकावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. हे पाणी, यंत्रातील हवा, रुग्णाची लाळ, कधी थोडेसे रक्त, दाताचा भुगा असे सारे एकत्र होऊन बाहेर उसळते. दातांवरचे किटण काढणारे अल्ट्रासॉनिक यंत्र तर याहून अधिक तुषार उडवते. त्याचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावत असते. हवा व पाणी एकाच वेळी सोडणारी आमची साधी पिचकारीही या बाबतीत निरुपद्रवी नाही.

या तुषारांचे दोन प्रकार करावेत, असे मिसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली सुचवले. पन्नास मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब फेकलेल्या खड्यासारखे वागतात. ते दंतवैद्याच्या चष्म्यावर, मुखपट्टीवर, रुग्णाच्या छातीवर आदळतात आणि तेथेच राहतात. त्यांहून सूक्ष्म कण मात्र हवेत तरंगतात. माणसाचा केस साधारणपणे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या मापाची कल्पना यावी. अगदी लहान थेंबांतील पाणी खाली पडण्यापूर्वीच सुकते आणि आतील घनभाग, जिवाणू किंवा विषाणूंसह, हवेत उरतो, हे विल्यम वेल्स यांनी १९३४ सालीच दाखवले होते. सकाळच्या कवडशात धूळ तरंगताना आपण पाहतो. हे कण त्याहूनही लहान असल्याने कवडशातही सहसा दिसत नाहीत.

त्यांतून कोण प्रवास करू शकते? इन्फ्लुएन्झा, करोना कुळातील विषाणू, लहान मुलांना बेजार करणारा आरएसव्ही, ॲडेनोव्हायरस, साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस आणि गोवर. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत संसर्गक्षम राहू शकतो. खरी गैरसोय अशी की, फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू लागतो आणि कोविडच्या बाबतीत हा काळ दोन दिवसांचा असतो. चेहऱ्याकडे पाहून कोण बाधित आणि कोण निरोगी हे ओळखण्याचा दावा कोणीही करू नये.

भीती आणि पुरावा

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा आम्हीही घाईघाईने मुखपट्ट्यांचे खोके मागवले. साथ ओसरली आणि खोके कपाटात गेले. खोलीच्या हवेचा विचार त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते.

२०२० साली तसे विसरणे शक्य नव्हते. टाळेबंदीत देशभरातील दंतचिकित्सालये बंद झाली. १९ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रांतील दवाखाने बंद ठेवावेत, इतरत्रही केवळ तातडीचे उपचार करावेत आणि बाकीचे पुढे ढकलावेत, असे त्यांत म्हटले होते. दंतवैद्य व त्यांच्या सहायिका हे सर्वाधिक धोक्यात आहेत, असे तेव्हा सर्वत्र बोलले जात होते, आणि वर वर्णिलेले तुषार डोळ्यांसमोर आणले तर ती भीती अवाजवी म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात काय आढळले? जून २०२० मध्ये अमेरिकेतील २,१९५ दंतवैद्यांची पाहणी झाली. त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांनी संरक्षणाचे वाढीव उपाय योजले होते, आणि बाधित किंवा बहुधा बाधित असलेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के भरले. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक उद्बोधक आहे. त्यांनी २८ रुग्णांच्या उपचारांच्या वेळी उडालेले तुषार दंतवैद्य, सहायिका व रुग्ण यांच्या अंगावरून गोळा केले आणि त्यांतील सूक्ष्मजीव कोठून आले याचा माग काढला. बहुतेक सूक्ष्मजीव यंत्रात खेळवलेल्या पाण्यातले निघाले. लाळेचा वाटा अत्यल्प होता. काही रुग्णांना कोणतेही लक्षण नसताना त्यांच्या लाळेत करोना विषाणू सापडला, परंतु त्यांच्याच उपचारातील तुषारांत तो आढळला नाही.

या निष्कर्षाने आम्हांला दिलासा मिळाला, पण त्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. रुग्णसंख्या २८ होती. भरपूर पाण्यामुळे लाळ विरळ होते हे खरे. परंतु शक्तिशाली शोषणयंत्र नीट वापरले गेले होते, हेही तितकेच खरे. ते काढून घेतले तर हाच निष्कर्ष लागू पडेल असे मानता येणार नाही. आमचे स्वतःचे मत असे बनले आहे की, सर्व काळजी घेऊन चाललेल्या उपचारापेक्षा प्रतीक्षाकक्षातील दाटी आणि मुखपट्ट्या काढून एकत्र घेतलेला चहा हे अधिक धोक्याचे आहेत. चहाची वेळ आम्ही आता पाळीपाळीने ठेवली आहे. याबद्दल कर्मचाऱ्यांची नाराजी अजून पुरती गेलेली नाही.

ताप कशाचा?

येथे एक घटना सांगणे आवश्यक आहे. ती आमच्या गौरवाची नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात जवळच्या खेड्यातील एक शेतमजूर खालची दाढ दुखते म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने आले. प्रवेशद्वारापाशी तापमान तपासण्याची व्यवस्था होती. त्यांना ताप निघाला. ठरवून दिलेल्या नियमानुसार त्यांना केसपेपर न काढताच, ‘कोविडची चाचणी करून या’ असे सांगून परत पाठवण्यात आले. नियम आम्हीच केलेला होता. दारावरच्या माणसाने तो निष्ठेने पाळला. दोन रात्रींनंतर त्यांचे कुटुंबीय त्यांना घेऊन आले तेव्हा जबड्याखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी टणक सूज होती, तोंड दोन बोटेही उघडत नव्हते आणि लाळ गिळता येत नव्हती. दाढेच्या मुळाशी साठलेला पू गळ्याच्या दिशेने पसरला होता. अशी सूज श्वासनलिका दाबून माणसाचा प्राण घेऊ शकते. त्यांना त्वरित दाखल करून पू काढला, शिरेतून प्रतिजैविके दिली, आणि ते बरे होऊन घरी गेले. त्यांची करोना चाचणी निगेटिव्ह आली होती. पहिल्या दिवशीचा ताप दाढेचा होता.

श्वसनविकाराचा प्रसार रोखण्यासाठी केलेला उपाय, डोळे मिटून अमलात आणला तर, असा उलटतो. दंतरुग्णाला ताप असणे ही नवलाची गोष्ट नाही. पू झालेल्या दाढेमुळे तो येतोच. त्या घटनेनंतर आम्ही दारावरचे तापमापक काढले नाही, पण निर्णय मात्र तेथून हलवला. ताप आढळलेल्या रुग्णाला आता परत पाठवले जात नाही. त्याला व्हरांड्यातील मोकळ्या बाकावर बसवले जाते, आणि प्रशिक्षित परिचारिका तेथे जाऊन विचारते : खोकला, सर्दी, घसादुखी आहे काय? घरात कोणी आजारी आहे काय? गालावर किंवा जबड्याखाली सूज आहे काय? तोंड किती उघडते? गिळताना त्रास होतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली व शेवटच्या तिन्हींत काळजीचे काही नसले, तर वेदनाशामक गोळ्या देऊन पुढची तारीख दिली जाते. सूज असेल तर मात्र श्वसनविकार असो वा नसो, उपचार त्याच दिवशी होतात. फक्त ते दिवसाच्या अखेरीस, शेवटच्या खोलीत, संपूर्ण संरक्षक वेशात केले जातात.

पुढची तारीख देणे आम्हांला वाटते तितके निरुपद्रवी नसते, हेही आम्ही यातून शिकलो. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडते आणि जाण्या-येण्याचे भाडे वाया जाते, त्याला साध्या सर्दीसाठी परत पाठवणे ही शिक्षाच आहे. म्हणून पूर्वनोंदणी केलेल्या रुग्णांना आदल्या संध्याकाळी दूरध्वनी करण्याची पद्धत आम्ही सुरू केली. कामाचा भार वाढला, परंतु व्यर्थ फेऱ्या वाचल्या.

उगमापाशीच रोखणे

तुषार एकदा खोलीत पसरले की त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. ते तोंडातून निघतानाच धरले पाहिजेत. त्यासाठीचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे मोठ्या व्यासाचे शोषणयंत्र. अनेक दवाखान्यांत रुग्णाच्या ओठाला अडकवलेली बारीक वाकडी नळी आपण पाहिली असेल. ती साचलेली लाळ ओढते, हवा नव्हे. मोठ्या नळीचे तोंड आठ मिलिमीटर वा त्याहून रुंद असते आणि ती मिनिटाला शंभर घनफुटांपर्यंत हवा खेचू शकते. ती फिरत्या टोकाच्या अगदी जवळ धरली तर तुषार नव्वद टक्क्यांहून अधिक घटतात, असा निष्कर्ष हॅरेल व मोलिनारी यांनी २००४ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन मांडला. मात्र ‘जवळ धरली तर’ या तीन शब्दांत सारी मेख आहे. दंतवैद्याचे दोन्ही हात आधीच गुंतलेले असतात. नळी धरायला दुसरी व्यक्ती, तीही शिकलेली, लागते. यंत्र एकदा विकत घेतले की झाले, सहायिकेचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. यंत्रासाठी दाता मिळतो, वेतनासाठी सहसा मिळत नाही. पण सहायिकेवाचून ते यंत्र भिंतीला टांगलेले राहते.

दुसरे साधन ‘रबर डॅम’. सॅनफोर्ड बार्नम या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने १८६४ साली रबराच्या पातळ पडद्याला भोक पाडून त्यातून केवळ उपचाराचा दात बाहेर काढण्याची युक्ती योजली. दात कोरडा राहावा हा त्याचा उद्देश होता. आज तोच पडदा लाळ व फवारा यांची भेट होऊ देत नाही. रूट कॅनॉलच्या उपचारात आम्ही तो आवर्जून लावतो. किटण काढताना किंवा दात उपटताना त्याचा उपयोग नाही.

उपचारापूर्वी जंतुनाशकाची चूळ भरायला लावणे हा स्वस्त उपाय आहे. त्याने तोंडातील जंतूंची संख्या काही काळ घटते. परंतु त्यामुळे आजाराचा प्रसार थांबतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. आम्ही चूळ भरायला लावतो, पण तिच्या भरवशावर दुसरा कोणताही उपाय सोडत नाही. सर्दी असलेल्या बालकाचा दात किडला असेल तर यंत्र न वापरता केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून वर सिमेंट भरता येते. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात, जेथे विजेची सोय नव्हती अशा ठिकाणी, ही पद्धत विकसित झाली. गरिबीतून निघालेला उपाय साथीच्या काळात श्रीमंत देशांच्याही कामी आला.

खोलीची हवा

काही वर्षांपूर्वी एका सहृदय दात्याने आमच्या विभागाला वातानुकूलन यंत्र दिले. उन्हाळ्यात रुग्ण व कर्मचारी दोघांनाही त्याचे सुख होते, आणि त्यासाठी आम्ही खिडक्या पक्क्या बंद करून घेतल्या. भिंतीवरचे असे यंत्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, याकडे आमचे लक्ष गेले नाही. चूक दात्याची नव्हती, खिडकी बंद करणाऱ्या आमची होती. २०२० साली त्या खिडक्या सुताराकडून पुन्हा उघडून घ्याव्या लागल्या. आज यंत्रही चालते आणि त्याच वेळी खिडकीची वरची झडप उघडी असते, समोरच्या भिंतीत हवा बाहेर टाकणारा पंखा फिरतो. विजेचे बिल वाढले आहे, ते हिशेबात दिसेलच.

येथे थोडे गणित केल्यास विषय स्पष्ट होईल. खोलीभर हवा तासाला किती वेळा बदलते, यावर तुषार विरून जाण्याचा काळ अवलंबून असतो. काम थांबल्यानंतर नव्याण्णव टक्के कण निघून जाण्यास, तासाला दोनदा हवा बदलत असेल तर सुमारे १३८ मिनिटे लागतात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे आणि बारा वेळा बदलल्यास २३ मिनिटे. म्हणजे पहिल्या प्रकारच्या खोलीत एका रुग्णानंतर दुसरा सुरक्षितपणे घ्यायचा तर सव्वादोन तासांहून अधिक थांबावे लागेल, आणि तिसऱ्या प्रकारच्या खोलीत एक चहा होईपर्यंत. धर्मादाय रुग्णालयात रांग व्हरांड्यापर्यंत आलेली असते. तेथे हा फरक दिवसाकाठी किती माणसांची दाढ आज बरी होईल आणि कितींना उद्या यावे लागेल, हे ठरवतो.

ज्या खोलीला खिडकीच नाही तिच्यासाठी हेपा गाळणी असलेले हवाशुद्धी यंत्र वापरता येते. ही गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. आमची शेवटची खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच आहे, म्हणजे बाराशे घनफूट किंवा सुमारे ३४ घनमीटर. ताशी ३४० घनमीटर शुद्ध हवा देणारे यंत्र तेथे ठेवले तर तासाला दहा वेळा हवा बदलल्यासारखे होते. यंत्र घेताना विक्रेता बाकी कितीही गुण सांगो, हा एक आकडा विचारावा आणि आपल्या खोलीच्या मापाने भागावा. हवा कोंदटली आहे काय, हे पाहण्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे उपकरण उपयोगी पडते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास असते. खोलीत ते हजारावर गेले तर खिडकी उघडण्याची वेळ झाली असे समजावे. शुद्धी यंत्राने कण घटतात, हा वायू घटत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

जाता जाता, माणसांवर जंतुनाशक फवारण्याविषयी. २०२० च्या आरंभी त्याचे मोठे पेव फुटले होते, आणि आपल्या प्रवेशद्वाराशीही तसा बोगदा उभारावा अशी सूचना आली होती. आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच ते अपायकारक व निरुपयोगी असल्याचे सांगितले. ती देणगी आम्ही नम्रपणे नाकारली.

हात, अवजारे, मुखपट्टी

या गोष्टी वाचकांना परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. एअरोटर थांबताना टोकापाशी तोंडातील द्रव किंचित आत ओढला जाऊ शकतो, म्हणून तो वरून पुसून भागत नाही. प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत निर्जंतुक करावा लागतो. साहजिकच एका खुर्चीला एक नव्हे, अनेक एअरोटर लागतात. हातांसाठी मद्यार्कयुक्त द्रव सोयीचा आहे. इन्फ्लुएन्झा व करोना यांचे स्निग्ध कवच तो विरघळवतो. ॲडेनोव्हायरसला असे कवच नसते, त्याच्यावर तो कमी परिणाम करतो. म्हणून बेसिन व साबण हद्दपार करून चालत नाही. एन-९५ मुखपट्टी चेहऱ्याला चपखल बसली तरच तिचा उपयोग. कडेने फट राहिली की श्वास त्या फटीतूनच येतो-जातो, आणि दाट दाढीवर ती चपखल बसत नाही. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तीस वर्षांची दाढी यासाठी उतरवली, त्यांचा येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करतो. विभागातील प्रत्येकाला फ्लूची लस दरवर्षी दिली जाते.

रुग्णांच्या नातेवाइकांस

आपल्या रुग्णाला सर्दी-खोकला असल्यास येण्यापूर्वी दूरध्वनी करावा. ते लपवू नये, लपवले नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारला जाणार नाही. रुग्णासोबत एकानेच यावे. आपली पाळी येऊन खुर्चीवर बसेपर्यंत मुखपट्टी ठेवावी. वृद्ध, मधुमेही अथवा कर्करोगावर उपचार घेत असलेल्या रुग्णांसाठी सकाळची पहिली वेळ राखून ठेवलेली असते, कारण तेव्हा खोलीची हवा सर्वांत स्वच्छ असते. ती वेळ आवर्जून मागून घ्यावी.

काही प्रसंगी मात्र सर्दी असो वा ताप, थांबू नये व दूरध्वनीची वाटही पाहू नये : जबड्याखाली वाढणारी सूज, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास, दात काढल्यानंतर न थांबणारा रक्तस्राव, आणि पडल्यामुळे मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळणे. असा दात मुळाला हात न लावता वरच्या टोकाने उचलावा, घासू नये, दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, मुलासह घेऊन यावा. व्हरांड्यातील बाकावर परिचारिका असते. दारावर कोणी अडवले तर थेट तिच्याकडे जावे.